दोन पंगतींचं पथ्य

संपादकबाईंनी फोन करून शास्त्रज्ञांविषयी लिहा म्हटलं, तेव्हा मी त्यांना सांगितलं, मला शास्त्र येत नाही. शास्त्रज्ञांना काय पचतं आणि काय पचत नाही, एवढं येतं. त्या म्हणाल्या, तेच हवंय. म्हणून लिहिते.

माझी शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळमधून. मराठी घरातली. अक्षरं वडिलांनी भजनाच्या पोथीवरून शिकवली. ते मरुदानल्लूरला भजनाला जायचे आणि मला शेजारी बसवायचे. आमचे पूर्वज तंजावरच्या राजाच्या मुदपाकखान्यात होते, असं आमच्या घरात सांगतात. इथल्या पुष्कळ मराठी घरांत सांगतात. सगळं खरं धरलं तर दरबारात आचारीच आचारी, राज्य करायला माणूस उरला नसेल. माझी मराठी तुम्हाला जुनाट वाटेल. संपादकबाईंनी काही शब्द बदलले, ते मी बदलू दिले. रसमला हात लावू दिला नसता.

कुंभकोणममध्ये नदीच्या बाजूच्या एका गल्लीत हे संशोधन केंद्र आहे. सर म्हणजे ते काढणारे प्रोफेसर. उत्तरेत कुठं तरी नोकरी करून म्हातारपणी गावी परतले, घराच्या भिंतींवर फळे ठोकले, वर खोल्या काढल्या आणि कण, केंद्रक आणि विश्व यांचा विचार करणारी काही माणसं जमवली. तिथं मी स्वयंपाक केला, नवरा गेल्यापासून माझे गुडघे जाईपर्यंत.

बाहेरच्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, यंत्रं कुठं आहेत? यंत्रं नाहीत. संगणक आहेत, खडू आहेत, कागद आहेत. जगात दुसरीकडे मोठाली यंत्रं आणि दुर्बिणी आहेत. तिथली माणसं बघतात, आमची माणसं बसून असं का असावं ते गणितानं काढतात. गॅसची टाकी आणणाऱ्या माणसाला कुणी तरी सांगितलं होतं की इथं अणूचं काम चालतं. तो टाकी दारातच ठेवून पळायचा. एकदा त्याला धरून आत आणला. म्हटलं, "बघ. इतकी वर्षं झाली, इथं साधा कुकरसुद्धा फुटला नाही." त्यानं फळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मग हे सगळे दिवसभर करतात काय?" मी म्हटलं, "जेवतात."

खोटं नाही ते. विचार करणारा माणूस फार खातो, आणि काय खाल्लं ते त्याला कळत नाही. विश्वाची सुरुवात कशी झाली यावर काम करणारे एक गृहस्थ होते, ते जेवणाच्या सुरुवातीला कधीच हजर नसत. ताकभाताला यायचे आणि विचारायचे, "आधी काय होतं?" मी म्हणायची, "ते तुम्हीच शोधा." दुसरे एक कणवाले होते. महिनोन्महिने केलेल्या गणितात त्यांना एके दिवशी जेवताना चूक सापडली. सगळं काम पाण्यात गेलं. हे गृहस्थ उठून नाचायला लागले! मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. नंतर कळलं, या धंद्यात चूक आपली आपल्याला सापडली तर तो सणाचा दिवस असतो. दुसऱ्याला सापडली तर सुतक.

म्हणूनच सरांनी एक रीत घातली होती. मोठं गणित असेल तर ते दोघांनी करायचं, वेगवेगळ्या खोल्यांत, एकमेकांशी त्याविषयी चकार शब्द न काढता. प्रश्न काय ते सर एका कागदावर लिहून दोघांना द्यायचे. तो कसा सोडवायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. दोघांची उत्तरं सरांकडे जायची. जुळली, तर खरी. नाही जुळली, तर सर फक्त "जुळत नाही" म्हणायचे. कुणाचं काय आलं ते सांगायचे नाहीत, आणि दोघांनी पुन्हा आपलं तपासायला बसायचं. न जुळलेलं उत्तर उंबऱ्याबाहेर जायचं नाही. पोरं याला पथ्य म्हणत. "अम्मा, मी पथ्यावर आहे," असं कुणी म्हटलं की मला मिरची कमी करायची नसे, पान दुसऱ्या पंगतीला मांडायचं असे. कारण ही माणसं एका पंगतीला बसली की हवापाण्याच्या गप्पांवरून तिसऱ्या घासाला गणितावर येणारच. पथ्यातल्या दोघांना वेगवेगळ्या वेळी वाढायचं, हे माझं काम. दोनदा सांबार गरम करावं लागायचं. मी कुरकुरायची, पण करायची.

सेल्वी या पथ्यात सापडली, ती गोष्ट सांगायची आहे.

सेल्वी नाचियार्कोविलची. बाप पितळी दिवे ओततो. अंगानं काडी, आवाज मात्र बस कंडक्टरचा. केंद्रकांवर काम करायची. मला ती पाट्टी, म्हणजे आजी, म्हणायची आणि भांड्यात बोट घालून चव बघायची, म्हणून मी तिच्या हातावर पळी मारायची.

तिचा प्रश्न मला समजला तेवढा सांगते. मोठा तारा विझला की आत कोसळतो आणि त्याचा एक घट्ट गोळा उरतो. इतका लहान, की मध्यापासून काठापर्यंत अंतर आमच्या गावापासून नाचियार्कोविलच्या जरा पुढे जाण्याएवढं, दहा-बारा किलोमीटर. पण वजन आपल्या सूर्याहून जास्त. या गोळ्याच्या सालीखाली अणूंची केंद्रकं एवढी दाबली जातात की त्यांचा गोल आकार टिकत नाही. आधी पणियारमसारखे गोळे, म्हणजे तुमचे आप्पे. आणखी दाबलं की गोळे एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात, इडियाप्पमसारखे, म्हणजे तांदळाच्या शेवया. आणखी दाबलं की थरावर थर, डोशांची चवड. परदेशातल्या लोकांनी या आकारांना त्यांच्या शेवयांची नावं दिली आहेत. सर म्हणाले, आपल्या स्वयंपाकघरात काय कमी आहे? तेव्हापासून फळ्यावर आप्पे आणि डोसे आले. एकदा मी विचारलं, "सर, ताऱ्यात चटणी कुठली?" सर हसले नाहीत. म्हणाले, "न्यूट्रॉन. सगळीकडे पसरलेले." हे खरंच आहे म्हणे.

तर एका ठरावीक दाबाला दोरे राहतात की थर होतात, एवढं काढायचं होतं. साल कडक आहे की मऊ, हे त्यावर ठरतं, आणि असा तारा थरथरला तर त्याचे तरंग इथवर कसे येतील, तेही. एका खोलीत सेल्वी. दुसऱ्या खोलीत प्रभाकर.

प्रभाकर वयानं मोठा, पक्क्या नोकरीतला, विजयवाड्याकडचा. हसरा माणूस. त्याचं गणित चुकत नाही अशी ख्याती. सेल्वीची नेमणूक मात्र त्या उन्हाळ्यात संपत होती. उत्तरेतल्या एका मोठ्या संस्थेनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. हे काम पुरं करून नेलं तर जागा मिळण्याची आशा, नाही तर तिरुप्पनंदाळच्या शाळेत विज्ञान शिकवण्याची नोकरी ठरल्यासारखी होती. शाळा उघडण्याआधी होकार द्यायचा होता.

तिचा बाप एकदा तिचे कपडे घेऊन बसनं आला. मी त्याला कॉफी दिली. म्हणाला, "अम्मा, शाळेची नोकरी काय वाईट आहे? संध्याकाळी घरी येईल."

"वाईट काही नाही," मी म्हटलं.

"आमचं ओतकाम चुकलं तर पितळ वितळवून परत ओततो. हिचं चुकलं तर काय वितळवायचं?"

"वयच वितळतं हो," मी म्हटलं. मग सेल्वी जिना उतरून आली आणि त्याच्या पिशवीत मुरुक्कू, म्हणजे तुमच्या चकल्या, शोधायला लागली. तो तिच्याकडे बघत राहिला. आपल्या मुलीनं असं काही करावं की ते आपल्याला कळू नये, हे त्याला आवडत होतं. आणि त्याचीच भीतीही होती. मला हे दिसत होतं, पण मी सल्ले देत नाही. कॉफी देते.

उत्तरं सरांकडे गेली. सरांनी दोन दिवस पाहिली आणि म्हणाले, "जुळत नाही."

दोघं परत बसली. आठवड्यांमागून आठवडे गेले. सर पुन्हा म्हणाले, जुळत नाही. सेल्वीनं जेवण अर्धं केलं. मी ओरडले. ती म्हणाली, "पाट्टी, चूक कुठं आहे ते सापडेना. ओळ न् ओळ बघितली. नसलेली चूक कशी सापडेल?"

"मग नसेल."

"पण त्यांचं चुकत नाही ना!"

मुलाखत जवळ आली. एके सकाळी प्रभाकर स्वयंपाकघरात आला. मी नारळ खवत होते. तो पाटावर बसला, खोबऱ्याची चिमूट तोंडात टाकली.

"अम्मा, सेल्वीला एक निरोप द्याल?"

"खोली माडीवर आहे. पाय आहेत तुम्हाला."

"मी नाही जाऊ शकत. पथ्य आहे."

"मग निरोप कसला?"

"गणिताचाच. एवढंच सांगा, आप्प्यांच्या सरळ रांगांपासून सुरू कर. बस्स. ती हुशार आहे, तिला कळेल. दोन दिवसांत जुळेल आणि पोरगी मुलाखतीला ताठ मानेनं जाईल."

"सरांना कळलं तर?"

"मी सांगणार नाही. तुम्ही सांगाल?"

त्याच्या मनात वाईट नव्हतं. उलट आपला वेळ घालवून तो तिच्या भल्याचा विचार करत होता. आणि खरं सांगते, मलाही त्यात काही गैर वाटलं नाही. ताऱ्याला काय फरक पडतो, कुणी कुणाच्या कानात काय सांगितलं त्यानं? इथं एका पोरीचं आयुष्य आहे. मी निरोप घेतला.

दुपारी सेल्वीच्या पानावर रसमभात वाढला आणि म्हटलं, "प्रभाकरनं तुझ्या गणिताचं एक सांगितलंय—"

"सांगू नकोस!" ती इतक्या जोरात ओरडली की ओट्यावरचं मांजर पळालं. तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले. उजवा हात रसमचा. ओघळ कोपरापर्यंत आला.

"अगं, ऐक तरी. एक वाक्य आहे."

"एकच शब्द असला तरी नको. पाट्टी, मी ऐकलं ना, की मी त्यांच्यासारखं करेन. माझं बरोबर असलं तरी बदलेन. मला त्यांच्यापुढं माझं कधीच खरं वाटत नाही. कळतंय का तुला?"

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"शाळेत जाशील?"

"जाईन. पण हे माझं कुठं चुकलं ते मला कळल्याशिवाय नाही जाणार. कान धुते आता, पाणी दे."

मी पाणी दिलं. तिच्या जागी मी असते तर ऐकलं असतं. पुढे कधी कुणी मला म्हटलं की तुम्ही तोंड बंद ठेवलंत म्हणून बरं झालं, की मी सांगते, मी बंद ठेवलं नाही, तिनं कान बंद केले. प्रभाकरला जाऊन म्हटलं, "ती ऐकत नाही. आणि मला असले निरोप परत सांगू नका, माझ्या पोटात राहिले की मला करपट ढेकर येतात." तो ओशाळला. मग हसला. म्हणाला, "बरोबर आहे तिचं." त्या संध्याकाळी त्यानं मुकाट्यानं सगळं पुन्हा तपासायला घेतलं, हे मला वरच्या खोलीतल्या पंख्याच्या आवाजावरून कळत होतं.

पथ्य संपायची एक वाट होती. दोघांनी सरांसमोर उभं राहून म्हणायचं, "मला तपासता येईल तेवढं मी तपासलं." मग उत्तरं उघडी व्हायची आणि प्रत्येकानं दुसऱ्याचं मोडून दाखवायचं. मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात दोघांनी तसं म्हटलं. सरांनी कागद उघडले. प्रभाकरच्या उत्तरात थर होते, डोशांची नीट चवड. सेल्वीच्या उत्तरातही थर होते, पण एका थरातून दुसऱ्यात वळत वळत वर जाणारे, गोल जिन्यासारखे. आणि दोहोंत लागणारी ऊर्जा जवळजवळ सारखी. हे मला नंतर सरांनी केळीच्या पानाची पट्टी पिळून दाखवलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं, की आता दोघांना एका पंगतीला वाढायचं आणि माझं सांबार एकदाच गरम होणार.

ती पंगत मी विसरणार नाही. दोघं समोरासमोर बसले. पहिला घास पोटात जायच्या आधी सुरुवात.

"तुझा जिना टिकणार नाही," प्रभाकर म्हणाला. "जरा हलवलं की पडेल."

"हलवा ना! कोण नको म्हणतंय?"

"हलवणारच आहे."

"आणि तुमची चवड मी हलवते. बघू कुठल्या बाजूला कलंडते."

"अगं, माझी चवड मी दहादा हलवलीय."

"तुम्ही हळूच हलवली असेल. आपलं पोर आहे म्हणून."

सर पंगतीच्या टोकाला बसून खाली मान घालून जेवत होते. मला दिसलं, ते हसू दाबत होते.

मग तीन-चार दिवस हेच. संगणकावर ती त्याची चवड हलवायची, तो तिचा जिना हलवायचा. हलवणं म्हणजे गणितानं धक्के देऊन बघणं. जेवायला आले की चौकशी. "पडला?" "नाही अजून." "तुमचीही नाही पडली." "जास्त जोर लावतो." "लावा." भाजीत मीठ जास्त पडलं तरी कुणाला कळलं नाही. मी मुद्दाम विचारलं, "मीठ कसं आहे?" दोघं एकदम म्हणाले, "छान."

मग एका दुपारी दोघंही गप्प येऊन बसले. मी रसम वाढायला गेले. प्रभाकर म्हणाला, "नाही पडत."

सेल्वी म्हणाली, "तुमचीही."

"मी रांगांपासून सुरू केलं होतं. नीट मांडलेले आप्पे."

"मी कसंही विस्कटून सुरू केलं. कुठं काय आहे ते काहीच ठरवलं नव्हतं."

"म्हणून वेगळं आलं."

"हो, पण अण्णा, वेगळं आलं म्हणजे एक खोटं असं कुठं आहे?" तिचा घास हातातच राहिला. "ताऱ्याला कोण नीट मांडून देतंय? काही ठिकाणी तुमची चवड बसेल, काही ठिकाणी माझा जिना. शेजारी शेजारी. दोन्ही राहतील."

"छे."

"का छे?"

"छे म्हणजे... थांब." तो उठला. उष्ट्या हातानं फळ्याकडे गेला, उजवा हात हवेत धरून डाव्या हातानं लिहायला लागला. लहान मुलासारखी वाकडी अक्षरं. ती मागे जाऊन उभी राहिली. मग सर उठले. तिघांचे उष्टे हात वाळले. मी पळी घेऊन उभी होते, आणि मला कळलं ते इतकंच: त्या दुपारी माझा निरोप हिच्या कानात गेला असता, तर दोघांचीही चवड झाली असती, दोघांचं छान जुळलं असतं, आणि तो जिना कुणालाच दिसला नसता. इतक्या शिकलेल्या मोठ्या माणसांना एवढं कडक पथ्य कशाला, हा माझा प्रश्न त्या दिवशी सुटला.

पण सेल्वीचा नव्हता सुटला. दुसऱ्या दिवशी तिची गाडी. काम लिहून झालं नव्हतं, अजून कितीतरी तपासायचं होतं. आणि सरांचा नियम, न जुळलेलं उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. ती सकाळपासून सरांच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत येत होती. शेवटी मी कॉफी घेऊन गेले, तिला पदराला धरून आत नेली आणि म्हटलं, "सर, हिचं जुळलं की नाही? एकदा सांगून टाका. पोरगी गाडीत बसून काय बोलायचं ते ठरवेल."

सरांनी कॉफी घेतली.

"न जुळण्यावर दोघांचं एकमत आहे ना?" त्यांनी सेल्वीला विचारलं.

"हो, सर."

"मग ते जुळलं. जा. पण जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांग. पुढचं विचारलं तर ठाऊक नाही म्हण."

"नोकरीच्या मुलाखतीत ठाऊक नाही म्हणू?"

"आणखी कुठं म्हणणार?"

ती गेली. बाप स्टेशनवर पोहोचवायला आला होता. मुलाखतीच्या दिवशी मी कामं उगीच लवकर उरकली आणि मग करायला काही नव्हतं, म्हणून डाळ परत निवडली. दिवस कलला तेव्हा स्वयंपाकघरातला फोन वाजला.

"पाट्टी!"

"बोल. घेतलं?"

"थांब ना, सांगते. त्यांनी विचारलं, दोहोंतलं खरं कोणतं? मी म्हटलं, दोन्ही टिकतात, कुठलं किती असेल ते ठाऊक नाही. मग एक म्हातारे प्रोफेसर म्हणाले, असं होऊच शकत नाही. मी म्हटलं, मोडून दाखवा. पाट्टी, त्यांनी खडूच घेतला गं! बाकीच्यांची जेवायची वेळ टळली. अजून भांडतायत ते आत."

"ते भांडोत. तुला घेतलं का?"

"घेतलं."

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाही. नाक वाहतंय."

मी सरांना हाक मारली. सर स्वयंपाकघरात कधी येत नसत, त्या दिवशी आले, अनवाणी. फोन घेतला. अभिनंदन वगैरे काही नाही. एवढंच विचारलं, "त्यांना मोडता आलं का?"

पलीकडून ती इतक्या मोठ्यानं बोलली की मला ऐकू आलं. "नाही, सर. अजून नाही."

"उद्याही प्रयत्न करतील," सर म्हणाले. "तू त्यांना मदत कर."